इस्रायलच्या जागी जफरभाई

"आपल्या झडतीले जबाब देणारा माणूस अजून मायच्या पोटातून निंगाचा हाय," नागोरावनं जाहीर केलं, आणि त्याच घटकेला त्याच्या मागं उभ्या असलेल्या सर्जानं जफरभाईच्या दुकानात टांगलेली बेगडाची अख्खी माळ खाऊन टाकली.

"हा घ्या पहिला जबाब," जफरभाई म्हणाला.

सर्जा हा नागोरावचा बैल. वावरात वाघ, पण तोंडाला लगाम नाही. त्यानं आजवर एक दुपट्टा, दोन निवडणुकीची पोस्टरं आणि एका उमेदवाराच्या गळ्यातला हार खाल्लेला होता. उमेदवार थोडक्यात वाचला आणि निवडून आला.

"अन् जबाब देणारी तं कवाची घरात हाय," नागोरावची बायको मथुराबाई बाशिंग निवडता निवडता बोलली. "पण तिले आखरावर कोण बोलावते?"

झालं. बढाई मारून दोन मिनिटं झाली नव्हती आणि एक बैल अन् एक बाई असे दोन जबाब येऊन बसले होते. पण नागोराव त्यातला नव्हता. माळेचे पैसे टाकले, सर्जाच्या तोंडातून उरलेला बेगड ओढून काढला आणि पुन्हा तेच वाक्य, आधीपेक्षा मोठ्या आवाजात, बाहेरच्या रस्त्याला ऐकवलं.

झडती म्हणजे काय ते सांगतो. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, तोरण बांधायचं. त्याच्यापुढं सगळ्या गावाच्या बैलजोड्या सजवून उभ्या करायच्या. मग एकानं पुढं येऊन चार ओळींचं यमक ठोकायचं, त्यात वर्षभराचा राग काढायचा. तलाठ्यावर, जावयावर, सरकारवर, कोणावरही. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' म्हटलं की साऱ्या गावानं 'हर हर महादेव'चा बार उडवायचा. हे वऱ्हाडात सगळीकडे चालतं.

पण आमच्या गावाचा एक कायदा जगावेगळा. आमच्याकडे ज्याच्यावर झडती, तो समोर हजर पाहिजे. पाठीमागं बोलायला पानठेला आहे, आखर नाही. आणि तो गावात नसेल, तर त्याच्या जागी कोणीतरी उभं राहायचं, ऐकून घ्यायचं आणि त्याच्या वतीनं जबाब द्यायचा. जबाब सुचला नाही तर उलट्या पावलानं आखराबाहेर जायचं. जबाब झडतीवर भारी पडला तर झडतीवाल्याचा मान गेला. मग तोरणाखालून पहिली जोडी जबाबवाल्याची, झडतीवाल्याची सगळ्यात शेवटी. मी काही जग पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलंय ते सांगतात, असा कायदा तिकडं मोठ्या मोठ्या कचेऱ्यांतही नाही. तिकडं म्हणे आरोपी हजर असला तरी कोणी ऐकत नाही.

एका साली रेशनच्या साखरेवर झडती झाली. साखरेच्या जागी उकंडा उभा राहिला. हा उकंडा म्हणजे गावातला बिनकामाचा पण सगळ्या कामात असलेला माणूस. त्यानं जबाब दिला, "मी गावात आलीच नाही तं कडू हाव का गोड हाव, तुमाले कसं समजलं?" साखर जिंकली. दुसऱ्या साली पावसावर झडती सुरू होती आणि मधातच पाऊस आला. आरोपी स्वतः हजर झाल्यामुळं बदली माणसाला घरी पाठवावं लागलं, आणि मागोमाग सगळेच घरी पळाले.

कोण भारी ते ठरवणारा पंच देवराव. तो पंच कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे. छप्पन साली देवराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्याच्या तोंडून 'हर हर' निघालं नाही. गावाच्या ध्यानात आलं की ज्याचा आवाज कोणाच्याच बाजूला पडत नाही असा आख्ख्या आखरात हा एकच माणूस आहे. मग कोणाच्या वेळी गाव जास्त ओरडलं ते हाच सांगू शकतो. गेले विचारायला. पूर्वी देवरावच्या वडिलांची जोडी आखराच्या बाहेर, बाभळीपाशी उभी राहायची. देवराव म्हणाला, "पंच होतो. पण पंचाची जोडी रांगेत, मधात उभी राहीन." गावाला पंच पाहिजे होता. जोडी मधात आली. आणि त्यानंतर इतका नेकीचा पंच झाला नाही. सख्ख्या मेव्हण्याला त्यानं दोनदा उलट्या पावलानं बाहेर काढलं.

आता जफरभाई. बैलांचा साज विकणारं गावातलं एकमेव दुकान याचं. झुली, घुंगरू, बाशिंगं, मोरक्या, शिंगांचा रंग, सगळं त्याच्याकडे. बोलायला फटाकडा, अत्तराचा शौकीन, आणि स्वतःच्या मिशीवर फिदा. पोळ्याला गावातला प्रत्येक बैल जफरभाईनं सजवलेला असायचा. पण सहासष्टच्या पोळ्याला बैल आखराकडे निघाले आणि जफरभाई दुकानाची फळी लावून आत बसला.

कारण पासष्टचा पोळा. तेव्हा काश्मीरात गोळीबार सुरू झाला होता आणि नागोरावनं पाकिस्तानावर झडती बांधली होती. कायद्यानुसार पाकिस्तानच्या जागी कोण, असा सवाल निघाला. कोणी नाव घेतलं नाही. बोटही दाखवलं नाही. नुसत्या माना वळल्या. बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवत बसलेला जफरभाई उठला आणि मधात जाऊन उभा राहिला. जन्मात तो एकदाच अमरावतीच्या पलीकडे गेला होता, तेही चुकीच्या गाडीत बसल्यामुळं. त्याला जबाब सुचला नाही. उलट्या पावलानं निघाला, तो देवरावच्या बैलाच्या ताज्या शेणात पाय घसरून बसला. गाव हसलं. जफरभाईही हसला. पण नंतर आखरावर आला नाही.

सदुसष्ट साली जूनमध्ये तिकडं अरबांची आणि इस्रायलची लढाई झाली. ती सहा दिवसांत संपली. आमच्या गावात ती पोळ्यापर्यंत चालली. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती रोज बैठक. ज्यांनी दारव्ह्याच्या पुढचा रस्ता पाहिला नव्हता ते सिनाईचं वाळवंट वीत-वीत मोजायला लागले. उकंडानं कडब्याच्या काड्यांनी नकाशा मांडला, तो सर्जानं खाल्ला. त्यात इजिप्त, जॉर्डन आणि इस्रायल तिघंही एकाच पोटात गेले. तेवढीच काय ती तिकडची एकी.

त्यात बातमी आली की शेजारच्या बोरी अरब गावचे लोकही पोळ्याला इस्रायलवर झडती म्हणणार. गावाच्या नावातच अरब असल्यामुळं हा मामला आपला, असं त्यांचं म्हणणं.

"त्याईच्या आधी आपली झाली पाह्यजे!" नागोराव गरजला. "सारी दुनिया बोलून राह्यली, आपणच काहून मागं?"

"बोला ना," देवराव म्हणाला. "पण इजराइलच्या जागी उभं कोण राह्यते?"

इथं गाडं अडलं. जिल्ह्यात यहुदी नाही. नेरच्या कापूस बाजारात एक असल्याचं कोणीतरी छातीठोक सांगितलं. बंडी जुंपून दोघं नेरला गेले, तर तो पारशी निघाला, आणि तोही हंगाम नसल्यामुळं घरी गेलेला. उकंडाला विचारलं. साखर झालेला, एकदा तर कॉलरा झालेला उकंडा; पण तो म्हणाला, "इजराइल नाही बाप्पा. साखरेले कोणी घरी येऊन मारत नाही."

बैठक जफरभाईच्या दुकानासमोरच्या ओट्यावर भरली होती. आतून आवाज आला, "मी राह्यतो उभा."

नागोरावनं वळून पाहिलं.

"जफरभाई, गंमत करून राह्यले काय? तुमी तं तिकडले!"

"मी तिकडला नाही, नागोराव. मी बाजारगल्लीतला."

"तसं नाही. पण तुमचं मन..."

"मन अरबाकडे हाय. बैतुल मुकद्दस, म्हंजे जेरुसलेम, गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी अन् माही बायको सुग्राबी जेवलो नाही. ते मी कायले लपवू?"

"मंग इजराइलचा वकील कायले होता?"

जफरभाई मिशीवरून बोट फिरवत बाहेर आला. "दुसरा कोणी होऊन राह्यला काय? अन् ज्याच्यावर झडती, तो उभा पाह्यजे. कायदा तुमचाच हाय. झडती खरी असन तं उभ्या माणसाले लागन अन् पटनही. खोटी असन तं नुसतीच लागन. कोणती कशी हाय, ते उभं राह्यल्याबिगर समजत नाही. मले अनुभव हाय."

शेवटच्या तीन शब्दांवर ओट्यावरची सगळी मंडळी एकदम आपापल्या चपला शोधायला लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असं त्यांना सांगतात. त्या संध्याकाळी मथुराबाई जफरभाईच्या दुकानावर गेली आणि म्हणाली, "जफरभाऊ, आज आवतन घ्या, उद्या आखरावर या. अन् आमच्या बुढ्याले सोडू नोका."

पोळ्याला आखर फुललं. आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं आली होती. इस्रायल कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं. तोरण दोन उंच बल्ल्यांवर बांधलं होतं, आंब्याची पानं दाट लावून. डाव्या बल्लीला लागून टेबल, टेबलावर पंचायतीचा रेडिओ. झडती झाली की सगळ्यांनी मिळून संध्याकाळच्या बातम्या ऐकायच्या, असा नागोरावचा बेत; आपण बोललेलं दिल्लीपर्यंत पोचलं का ते त्याला बघायचं होतं.

जफरभाई आला. नवा कुर्ता, कानात अत्तराचा बोळा. येऊन दोन सालांपूर्वी जिथं उभा होता तिथंच उभा राहिला. खाली एकदा नजर टाकली. शेण नव्हतं.

नागोरावनं एक हात सर्जाच्या शिंगावर ठेवला, दुसरा कानावर, आणि सुरू केलं:

"धुरा कोरला, वावर घेतलं, घेतलं नदीचं पाणी,
घरचे धनी वाटंवर आले डोक्यावर घेऊन गोणी!
लेकराच्या हाती सुकी भाकर, तंबूत गेली रात,
सांग रे इजराइला आता, कुठं लपवशीन हात?
एक नमन गौरा पार्वती..."

"हर हर महादेव!" असा बार उडाला की बाभळीवरचे बगळे उठले. खरंच चांगली झडती होती. नागोराव फुशारक्या मारायचा, पण कारागीर होता.

सगळ्यांनी जफरभाईकडे पाहिलं. जफरभाई म्हणाला, "खरं हाय."

"काय?"

"खरं हाय म्हन्लं. ज्याचं घर गेलं, त्याचं घर गेलं. तंबूतल्या लेकराले मी खोटं म्हनणार नाही. ही झडती घेतली. कबूल."

आखरावर गोंधळ उडाला. आजवर कोणी झडती कबूल केलेली नव्हती. त्याचं काय करायचं ते कायद्यात नव्हतं. जिंकल्यासारखं तर वाटत होतं, पण मजा येत नव्हती. नागोरावला चेव आला. दुसरी काढली:

"साऱ्या दुनियेत सारे देव, तूच एकला चोर,
तूच लांडगा, तूच कोल्हा, बाकी गरीब ढोर!
तुहं नाव पुसून टाकू, तुही मोडू चूल,
तुह्यासंगं धुऊन काढू तुहं सारं कूळ!
एक नमन गौरा पार्वती..."

"हर हर महादेव!" हा बार पहिल्यापेक्षा मोठा.

"हे नाही घेत," जफरभाई म्हणाला.

"काहून नाही घेत?"

"सांगतो. ज्यानं आजपर्यंत शेजाऱ्याचा धुरा कोरला नाही, त्यानं हात वर करा."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे तो जिवंत असतो. दर पेरणीला थोडा सरकतो. आखरावर सगळं गाव होतं. एकच हात वर आला. उकंडाचा. त्याला वावरच नव्हतं.

"नागोराव," जफरभाई म्हणाला, "तुमचं अन् शंकरसिंगचं धुऱ्याचं भांडण कवापासून हाय?"

"माह्या बापाच्या बखतीपासून!" गर्दीतून शंकरसिंगच ओरडला. "नांगराचे तीन तास कोरले यानं माह्या वावराचे!"

"अन् शंकरसिंग, याची कडब्याची गंजी कोणी पेटवली?"

शंकरसिंग गर्दीत खाली बसला.

"पाहा," जफरभाई लोकांकडे वळला. त्याच्या आवाजात आता दुकानातली मिठास आली होती, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये अशी. "नागोराव चुकला, तं गावानं काय म्हन्लं? धुरा वापस दे म्हन्लं. कोणी असं म्हन्लं काय, का नागोरावले दुनियेत राह्याचाच हक नाही? त्याची चूल मोडा म्हन्लं काय?"

"मी म्हन्लं होतं," मथुराबाई बायांच्या घोळक्यातून बोलली, "पण चूल माहीच होती."

आखर हसून लोटपोट. हसू सरेपर्यंत जफरभाई थांबला; दुकानदाराला थांबता येतं.

"अन् गंजीची गोठ निंगाली तवा शंकरसिंगले सोडलं काय? नाही. दोघाईचेही कान धरले. मंग तिकडलीच झडती एका कानाची काहून? त्यानं वावर घेतलं ते बोला, जोरात बोला, मीही बोलतो. पण शेजाऱ्याईनं 'याले समुद्रात ढकलू' म्हन्लं होतं, ते झडतीत कुठं हाय? अन् जे मोठे देश पंच बनून बसले, दोघाईच्या हातातल्या काठ्या त्याईच्याच दुकानातल्या. आपल्या पंचानं कवा कोणाले काठी देल्ली काय?"

"मागाले आलते दोघंही," देवराव शांतपणे म्हणाला. "दोघालेही नाही म्हन्लं."

नागोराव चिडला. "तुमी इजराइलचं मीठ खाल्लं काय हो?"

"नाही. तुमच्या बैलानं माहं बेगड खाल्लं, तेवढंच देणंघेणं." मग जफरभाईनं मिशीवरचा हात काढला. "नागोराव, दोन सालाखाली तुमी मले इथंच उभं केलतं. मी काश्मीर पाह्यला नाही. मले जबाब सुचला नाही. शेणात पडलो. घरी गेल्यावर सुचला. तवापासून घेऊन बसलो होतो, पण उभं राह्याले जागा भेटत नव्हती. आता भेटली. देश दुसरा हाय, पण आखर तेच हाय, अन् जबाबही तोच. ऐका."

आणि ज्या माणसानं जन्मभर फक्त 'या शेठ, पाहा शेठ' एवढंच जोरात म्हटलं होतं, त्यानं कानावर हात ठेवून झडती टाकली:

"धुरा कोरला त्याले बोला, धुऱ्यापुरतं बोला,
कूळ कोणाचं काढू नोका, एका मापानं तोला!
एकाचा कान धरता तवा शेजाऱ्याचाही धरा,
एखादा हात मोकळा राह्यला, तं आपलाही पकडा जरा!"

आणि तो थांबला. गौरा पार्वतीची ओळ त्यानं म्हटली नाही; ती त्याची नव्हती, आणि दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकायची त्याला सवय नव्हती.

चार ओळी झाल्या, यमक बसलं, आणि पुढची ओळ हवेत लोंबकळून राहिली. बैलसुद्धा माना वर करून थांबले. गावातला प्रत्येक गळा वर्षानुवर्षं त्या ओळीवर तयार झालेला, पण ती सुरू करायची झडतीवाल्यानं. आणि त्यातला सगळ्यात तयार गळा कोणाचा, ते सांगायला नको. नागोरावचा चेहरा लाल झाला. त्यानं ओठ आवळले. मान हलवली. मग त्याच्या इलाजाबाहेर गेलं आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला:

"एक नमन गौरा पार्वती...!"

"हर हर महादेव!" असा बार उडाला की तो म्हणे बोरीवाल्यांना ऐकू गेला आणि ते त्यांची झडती विसरले. त्यात सगळ्यात मोठा आवाज पुन्हा नागोरावचाच होता. ओरडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

देवराव पुढं आला.

"नागोरावच्या झडतीले गाव ओरडलं," तो म्हणाला. "जफरभाईच्या झडतीले गाव ओरडलं, अन् नागोरावही ओरडला. एक गळा जास्त. जफरभाई भारी."

नागोरावच्या बापाच्या वेळेपासूनचा मान गेला. तो काही वेळ सर्जाच्या शिंगाला धरून उभा राहिला. पंच विकत घेता येत नव्हता, आणि स्वतःच्या गळ्यावर कज्जा लावता येत नव्हता.

तेवढ्यात उकंडा म्हणाला, "पण जफरभाईजवळ बैल कुठं हाय?"

खरंच की. पहिली जोडी जबाबवाल्याची. आणि गावातला प्रत्येक बैल सजवणाऱ्या माणसाच्या दारात होती एक बकरी. देवराव विचारात पडला. कोणीतरी बकरी आणायला निघालंही.

नागोरावनं सर्जाचा दोर सोडला. चालत गेला आणि जफरभाईच्या हातात दिला.

"घ्या," तो म्हणाला. "जोडी माही, मान तुमचा. अन् दोन सालाखाली..." इथं त्यानं सर्जाची झूल उगाच सारखी केली. "दोन सालाखाली यमक बरं जमलं नव्हतं."

"मलेही वाटलंच," जफरभाई म्हणाला.

मग वाजंत्री सुरू झाली. पुढं जफरभाई, छाती काढून, एका हातात सर्जाचा दोर, दुसरा मिशीवर. मागं नागोराव आपल्याच बैलांच्या मागून, शंकरसिंगच्या बाजूबाजूनं. आणि मधात, आपल्या जागेवर, देवरावची जोडी. मी पुष्कळ पोळे पाहिले, पण एवढ्या ऐटीत तोरणाकडे चाललेला माणूस पाहिला नाही. बाया बंड्यांवर चढून बघत होत्या. सुग्राबीही आली होती.

तोरणाखाली पोचल्यावर सर्जानं मान वर केली आणि तोरण खायला घेतलं. जफरभाईनं दोर ओढला. सर्जानंही ओढलं. डावी बल्ली रेडिओवर पडली. त्या संध्याकाळच्या बातम्या आमच्या गावात लागल्या नाहीत.